भाड्याने राहताय? ठाणे-नवी मुंबईत सरकारी मदत कुठे मिळते, कुठे नाही आणि कागद कसे जमवायचे

लोक सगळ्यात जास्त जे विचारतात ते आधी घेते. "ताई, भाड्यासाठी सरकार महिन्याला काही देतं का?" तर नाही. नवरा रिक्षा चालवतो, बायको दोन घरची कामं करते, मुलं शाळेत, घणसोली गावात नाहीतर कळव्याला वन आरके, अशा साध्या कुटुंबाच्या खात्यात दर महिन्याला भाड्याचे पैसे टाकणारी योजना आपल्याकडे नाहीये. कोणी सांगत असेल की हा फॉर्म भरा, पाचशे रुपये द्या, पुढच्या महिन्यापासून भाडं सुरू होईल, तर त्याला आल्या पावली परत पाठवा.

पण म्हणून काहीच नाही असंही नाही. काही ठरावीक लोकांना भाड्याचे पैसे खरंच मिळतात, काहींना स्वस्तात राहायची सोय मिळते, घर विकत घेताना सूट मिळते, आणि भाडेकरू म्हणून जे काही संरक्षण आहे ते रजिस्टर अॅग्रीमेंटमधून येतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे अॅग्रीमेंटच, कारण तुम्ही इथे राहता हे सरकारला दुसऱ्या कुठल्या कागदावरून कळणार, लाईट बिल मालकाच्या नावावर, टॅक्स पावती मालकाच्या नावावर, पाणी सोसायटीच्या नावावर, आणि तुम्ही दहा वर्षं राहून पण कुठेच नाही.

भाड्याचे पैसे खरंच कोणाला मिळतात

पहिले म्हणजे विद्यार्थी. गावाकडून ठाण्याला किंवा नवी मुंबईला शिकायला आलेला, सरकारी हॉस्टेलला नंबर न लागलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तुमच्याकडे भाचा-पुतणी येऊन राहिली असेल, तर हे नीट वाचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, त्यात ठाणे आणि नवी मुंबई ही शहरं मुंबई-पुण्याच्याच गटात धरतात आणि वर्षाला ६०,००० रुपये मिळतात: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे आणि मुलगा त्याच शहरातला रहिवासी नको. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि मराठा व इतर खुल्या गटातल्या गरीब मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा याच धर्तीवरच्या योजना आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत, तर कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या खिडकीवर अॅडमिशनच्याच आठवड्यात विचारून घ्या, मुदत गेली की वर्ष जातं. राहत्या खोलीचा भाडेकरार इथे पण मागतात, तेव्हा मुलांना सांगून ठेवा की पार्टनरच्या भरवशावर राहू नका, अॅग्रीमेंटमध्ये तुमचं नाव पाहिजे.

दुसऱ्या म्हणजे एकट्या राहून नोकरी करणाऱ्या बायका. केंद्राची वर्किंग वुमन हॉस्टेलची जी योजना आहे, आता तिला सखी निवास म्हणतात, तिथे भाडं पगाराच्या हिशोबाने ठरतं. एकटीची खोली असेल तर पगाराच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, दोघींची असेल तर १० टक्के आणि मोठ्या हॉलमध्ये कॉट असेल तर साडेसात टक्के. म्हणजे १६,००० पगार असलेल्या मुलीला दोघींच्या खोलीत १,६०० रुपये, आणि बाहेर पीजीला किती लागतात ते तुम्हाला माहितीच आहे. जागा कमी असतात हे खरं, पण जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात नाव देऊन ठेवायला काय हरकत आहे.

तिसरे म्हणजे एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) किंवा इमारतीच्या रिडेव्हलपमेंटमुळे घर सोडावं लागलेले. तिथे बिल्डरने भाडं द्यायचं असतं. पण ते मूळ रहिवाशाला, तुम्ही त्याच्याकडे भाड्याने असाल तर ते त्याच्या खात्यात जातं. म्हणून चाळीत मोजणी सुरू झाली, मीटिंगा सुरू झाल्या की मालकाला तोंडावर विचारा की खोली कधी खाली करावी लागणार आणि डिपॉझिट कधी परत देणार, आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

सरकारी भाड्याच्या घरांचं काय झालं

हा प्रश्न पण येतो, कारण लोकांनी बातम्या ऐकलेल्या असतात. २००८ मध्ये एमएमआरडीएने रेंटल हाऊसिंगची योजना आणली होती, १६० चौरस फुटांच्या खोल्या कमी भाड्याने द्यायच्या, बिल्डरने बांधायच्या आणि त्याला जादा एफएसआय (जास्त बांधकामाची परवानगी) मिळायचा. इमारती उभ्या राहिल्या, ठाण्यात वर्तकनगरला आहेत, पनवेलजवळ कोनला आहेत, पण सामान्य भाडेकरूला अर्ज करून खोली मिळेल असं कधी झालंच नाही. कोनची घरं गिरणी कामगारांच्या लॉटरीत गेली, ठाण्यातल्या बऱ्याच खोल्या धोकादायक इमारतीतून आणि रस्ता रुंदीकरणात हलवलेल्या लोकांना दिल्या. त्या लोकांना पण गरज होती, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण ज्यांच्या नावाने योजना आली ते अजून गावठाणातच भाडं भरतायत आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नंतर २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये मजूर चालत गावी गेले तेव्हा केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना काढली, आणि आता प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० जी सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली त्यात पण भाड्याच्या घरांचा एक भाग आहे, कामगार, नोकरी करणाऱ्या बायका, विद्यार्थी यांच्यासाठी. पण एक लक्षात घ्या, यातलं अनुदान घर बांधणाऱ्याला मिळतं, चौरस मीटरच्या हिशोबाने, भाडेकरूच्या हातात नाही. इमारत झाली, चालवणारी संस्था ठरली की मग खोल्या भाड्याने निघणार. तोपर्यंत यासाठी कोणी तुमच्याकडून आगाऊ पैसे घेत असेल तर ते चुकीचं आहे.

अॅग्रीमेंट, आणि यावर मी थांबणार आहे

आपल्याकडे भाड्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९. त्याचं कलम ५५ म्हणतं की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरता राहायच्या परवानगीचा करार) लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही, की करार रजिस्टर नसेल आणि भांडण झालं तर काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलटं सिद्ध करायचं काम मालकाचं. त्यामुळे मालकाला समजावताना भांडायच्या सुरात नका बोलू, "काका, रजिस्टर केलं तर तुम्हीच सेफ आहात" असं म्हणा, आणि ते खोटं पण नाही.

शंभर-पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे रजिस्टर झालं असं नाही. गावठाणात आणि चाळीत नव्वद टक्के वेळा एजंट हेच हातात देतो. रजिस्टर करार ओळखायचा असा की त्यावर दस्त नंबर असतो, दोघांचे फोटो आणि अंगठे असतात आणि सोबत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, मिळते. आता हे सगळं ऑनलाइन होतं, नोंदणी विभागाच्या साईटवर आधार आणि अंगठ्याच्या मशीनवर, एजंट मशीन घेऊन घरी येतो.

खर्चाची भीती घालतात म्हणून हिशोब मांडून दाखवते. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट ५०,०००, करार ११ महिन्यांचा. भाडं झालं ९९,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे साधारण ४,५८३. दोन्ही मिळून १,०३,५८३ आणि त्याच्या पाव टक्का स्टँप ड्युटी, म्हणजे अडीचशे-तीनशे रुपये. वर रजिस्ट्रेशन फी महापालिका हद्दीत १,०००. बाकी जे काही सांगतील ती एजंटची मजुरी, त्यात घासाघीस करा, आणि निम्मा खर्च मालकाने द्यावा हे खोली बघतानाच बोलून घ्या, टोकन दिल्यावर कोण ऐकतं.

आता हेवी डिपॉझिट. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपरखैरणे, सगळीकडे चालतं: चार-पाच लाख एकरकमी द्या आणि भाडं नाही, किंवा नावाला हजार-दोन हजार. गावची जमीन विकून, बायकोचे दागिने मोडून लोक हे पैसे उभे करतात आणि मग कळतं की फ्लॅटवर बँकेचं कर्ज आहे, हप्ते थकलेत, किंवा तीच खोली अजून दोघांना दिलीय. मी तर म्हणेन शक्यतो हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊच नका. जायचंच असेल तर पैसे बँकेतून द्या, कॅश नाही, आणि ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याच खात्यात, एजंटच्या नाही, मालकाच्या मेव्हण्याच्या पण नाही. घर कोणाचं ते लाईट बिल, टॅक्स पावती आणि मालकाची स्वतःची इंडेक्स टू बघून ठरवा. आणि पूर्ण रक्कम अॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. इथे एजंट हमखास सांगतो की डिपॉझिट जास्त दाखवलं तर स्टँप ड्युटी वाढेल, पन्नास हजारच लिहू. पाच लाखांवर ११ महिन्यांची ड्युटी किती वाढते माहितीये? सव्वाशे रुपयांच्या आत. त्या सव्वाशेसाठी साडेचार लाखांचा पुरावा सोडायचा का, तुम्हीच सांगा.

दर महिन्याचं भाडं पण यूपीआयने द्या आणि नोटमध्ये "जून भाडं" असं टाका. मालक कॅशच मागत असेल तर वहीत सही घ्या. लाईटचं पण बघा, कळवा-मुंब्रा-शीळला टोरंट आणि बाकीकडे महावितरण, ग्राहक क्रमांक घेऊन बिल स्वतः मोबाईलवर बघा, कारण सबमीटर लावून मालक युनिटला मनाला येईल तो दर लावतात आणि कमी वापराचा जो स्वस्त दर आहे तो भाडेकरूपर्यंत पोहोचतच नाही.

मुदत संपली की मात्र गोष्ट बदलते. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही कायमचे भाडेकरू होत नाही, मुदत संपून पण राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं लागू शकतं. म्हणून दोन महिने आधीच नवीन कराराचं बोला. व्हॉट्सअॅपवर नवीन भाडे कायद्याचे मेसेज फिरतात की आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं, ते केंद्राच्या २०२१ च्या नमुना कायद्यातलं आहे, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. मालकाला ते मेसेज दाखवून उपयोग नाही.

आणि खोली फारच स्वस्त असेल तर इमारत अधिकृत आहे का ते बघाच. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमध्ये बेकायदा इमारत पडली आणि ७४ माणसं गेली, त्यात कामावरचे मजूर होते, स्वस्त मिळते म्हणून राहायला आलेली कुटुंबं होती, लहान मुलं होती. दिघ्याच्या बेकायदा इमारतींवर २०१५ मध्ये हायकोर्टाने कारवाईचा आदेश दिला तेव्हा पण सामान घेऊन रस्त्यावर आले त्यात भाडेकरू होतेच. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतात, साईटवर असते, नाहीतर प्रभाग समितीच्या किंवा वॉर्ड ऑफिसात विचारा. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, तिथे फुकट दिली तरी राहू नका.

घर घ्यायचं म्हटलं तर

म्हाडाच्या कोकण मंडळाची लॉटरी आणि सिडकोची लॉटरी, आपल्या भागात या दोनच मोठ्या. म्हाडामध्ये मुंबई महानगर भागासाठी नवरा-बायको मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम. २० टक्के योजनेतली घरं जरूर बघा, मोठ्या खाजगी प्रोजेक्टमध्ये बिल्डरला काही घरं म्हाडाच्या लॉटरीतून द्यावी लागतात, ठाण्यात चांगल्या ठिकाणी असतात आणि बाजारापेक्षा बरीच स्वस्त पडतात, अर्ज पण त्यालाच जास्त येतात. लॉटरीत उरलेली घरं म्हाडा "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" मध्ये विकते, विरार-बोळींजची तशीच निघाली.

सिडकोचं स्पष्टच सांगते. जानेवारी २०२५ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा अत्यल्प गटाचं घर तळोज्याला साधारण २५ लाख आणि खारघर बस डेपोजवळ ४८ लाखांच्या घरात होतं. तळोज्याचं धरू. प्रधानमंत्री आवासची अडीच लाखांची सबसिडी वजा केली, दोन-अडीच लाख स्वतःचे घातले, तरी २० लाख लोन. साडेआठ टक्क्याने २० वर्षांचा हप्ता सव्वासतरा हजारांच्या वर जातो, आणि मेंटेनन्स वेगळा. महिन्याला २०-२५ हजार कमावणाऱ्या घराला हे झेपत नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही, अत्यल्प गटाच्या नावाखाली असल्या किमती लावणं हेच बरोबर नाही. चाळीस-पंचेचाळीस हजार येत असतील आणि नोकरी पक्की असेल तर विचार करा, नाहीतर नंबर लागला म्हणून सावकाराकडून घेऊन भरू नका.

बाजारातलं जुनं-नवं छोटं घर घेत असाल तर आवास योजना २.० मध्ये व्याजाची सबसिडी आहे. कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, लोन २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांच्या लोनवर ४ टक्के, आणि जास्तीत जास्त १.८० लाख पाच वार्षिक हप्त्यांत खात्यात येतात. घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर करा.

आता यातली खाच. आवास योजनेला देशात कुठेही पक्कं घर नको, नवऱ्याच्या, बायकोच्या किंवा लग्न न झालेल्या मुलांच्या नावावर. म्हाडा त्या त्या महापालिका हद्दीतलं घर बघते, आवास योजना गावचं पण बघते. वडिलांच्या नावावर साताऱ्याला नाहीतर रत्नागिरीला घर आहे आणि तुमचं लग्न झालंय, तर ते वडिलांचं कुटुंब वेगळं धरतात. पण वारस नोंद होऊन घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव लागलं असेल तर प्रश्न येतो. अर्ज करायच्या आधी ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून बघा कोणाकोणाची नावं आहेत. लपवू नका, आधारवर सगळं निघतं. आणि बांधकाम कामगार असाल तर ९० दिवस कामाचा दाखला घेऊन कल्याणकारी मंडळात नोंदणी करा, घरासाठी त्यांचं वेगळं अर्थसहाय्य आहे.

कागद आजच काढायला घ्या

लॉटरीची जाहिरात आली की सेतूमध्ये रांगा लागतात, तेव्हा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आत्ताच काढा, आपले सरकार पोर्टलवरून पण होतं. ऐरोली ते बेलापूर राहणाऱ्यांचं तहसील ठाणे, आणि खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांचं पनवेल, रायगड जिल्हा. बेलापूरचे लोक पनवेलला जाऊन हेलपाटा घालतात म्हणून सांगितलं. जन्म महाराष्ट्रातला असेल तर शाळा सोडल्याचा दाखला सांभाळा, नसेल तर ठरावीक वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात आणि तिथे जुने रजिस्टर करार कामाला येतात, म्हणून मुदत संपली तरी एकही फाडू नका, सगळे एका फाईलमध्ये ठेवा. त्याच करारावर आधारचा पत्ता बदलून घ्या. नवरा-बायको दोघांचं आधार, पॅन आणि मोबाईल नंबर जोडलेले पाहिजेत, नावात फरक नको, बायकोच्या माहेरच्या नावावर पॅन असेल तर आधी ते दुरुस्त करा.

म्हाडाने किंवा सिडकोने एजंट नेमलेले नाहीत. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत येते, फक्त अर्जाची फी जाते, त्यामुळे खाते नंबर स्वतःचाच टाका, फॉर्म भरून देणाऱ्याचा नाही, आणि ओटीपी कोणाला सांगू नका.

मालक डिपॉझिट देत नाहीये, मुदत चालू असताना सामान बाहेर फेकतो म्हणतोय, पाणी तोडलंय, असं काही झालं तर एकटे लढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, ठाण्याचं ऑफिस जिल्हा कोर्टाच्या आवारात आहे. बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना वर्षाला ३ लाखांच्या आत. फोन १५१००. जाताना करार, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि मालकाचे मेसेज छापून न्या, मोबाईल दाखवून काम होत नाही.